डावी बाजू बंद

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. सुरुवात शुभ व्हावी म्हणून घरच्यांची ख्यालीखुशाली विचारतो. घरचे म्हणजे अंगातले. त्यांच्याच भरवशावर पळायचं आहे. गुडघेहो, कसे आहात? उजवा मजेत, डावा जिना उतरताना कुरकुरतो. कंबर बरी, वाकलं की ओळख दाखवते. पोट सुखरूप, दोघांना पुरेल इतकं. दात एकोणीस हजर, बाकीचे परवानगी न घेता गेले. फुफ्फुसांकडून तक्रार नाही.
कानांना विचारत नाही. ते घरातले कमावते. अडतीस वर्षं डावा कान पंख्याच्या मोटरला लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगितलं. कुणी शिकवलं नाही, उघडून उघडून शिकलो. असा कान लाखात एक.
निश्चय: १ मार्चची पाच किलोमीटरची शर्यत. गेल्या वर्षी व्याही पळाले, मेडल गळ्यात घालूनच आमच्याकडे जेवायला आले आणि माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "तुम्ही काय, टाळ्या वाजवायला याल ना?" आमची मुलगी हसली. सासरी गेली की पोरी बदलतात.

२ फेब्रुवारी, सोमवार
जिम लावली. मास्तर पंचविशीतला, मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते कळत नाही. ट्रेडमिल चार मिनिटं. थांबलो ते दमून नव्हे, कंटाळून. आजूबाजूला बघतो तर सगळ्यांच्या कानात काही ना काही. तिथे रहस्य आहे. मास्तर म्हणाला, काका, आधी बूट घ्या, चपलेवर पळू नका. त्याला म्हटलं, पाय कुठेही पळतात, मन पळवावं लागतं.
उद्यापासून हेडफोनचा अभ्यास.

४ फेब्रुवारी, बुधवार
अभ्यास पूर्ण. घाम सोसला पाहिजे, पडलं तर फुटता कामा नये, उडी मारली तरी कानातून निसटता कामा नये. शिवाय टिकाऊ. वस्तू अशी घ्यावी की आपण गेल्यावर लोकांनी वाटणीत मागावी.
दुकानात हेडफोनच्या काउंटरवर एक मुलगी आहे, बाविसेक वर्षांची. नावाची पट्टी लावली होती. चष्मा खिशात होता, वाचली नाही. पोर हुशार. घाम कितपत सोसतो त्याचा नंबर डब्यावर कुठे बघायचा ते दाखवलं, रबरी बोंडं तीन मापांची घालून बघायला लावली, रस्त्यावर पळताना आवाज कमी ठेवा म्हणाली. मी बेअरिंगची गोष्ट सांगितली. गिऱ्हाईक ताटकळत होतं तरी ऐकली. तीन महिन्यांच्या बोलीवर आहे, महिनाअखेर कायम होईल. झाली की आईला चार घरची कामं सोडायला लावणार. मी म्हटलं, होशीलच गं बाळ, माझा आशीर्वाद आहे.
कानामागे आकडा अडकणारे घेतले. उद्यापासून पळणे.

५ फेब्रुवारी, गुरुवार
पळालो नाही. डावी बाजू मंद वाटते. यंत्रात दोष असताना पळणं चूक.

९ फेब्रुवारी, सोमवार
डावी बाजू पार बंद. पाच दिवसांत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कंपन्यांनी माल करायचाच सोडलाय.

१० फेब्रुवारी, मंगळवार
बदलून आणले. मुलीने पुसून स्वतःच्या कानात घातले, म्हणाली दोन्ही बाजू छान चालतात. तरुण कान, काहीही चालवून घेतात. तिला माझा धंद्याचा पहिला नियम सांगितला: आधी भिंतीवरच्या बोर्डात वीज आहे का बघावं, मग यंत्र उघडावं. एक बाई बंद मिक्सर घेऊन तीनदा माझ्याकडे आली होती. माझ्याकडे चालायचा, घरी बंद. दोष तिच्या घरच्या प्लगात! ती गोष्ट सांगून मी वर्षभर गिऱ्हाइकांना हसवलं. बाई पुढे रस्ता बदलून जायची. मुलगी हसली नाही. वहीत काहीतरी लिहीत होती. माल परत आला की विकणाऱ्याच्या नावापुढे लिहितात म्हणे. चांगली शिस्त आहे.
या वेळी मानेभोवती पट्टा असणारे दिले.

१४ फेब्रुवारी, शनिवार
पट्टेवाल्यांचीही डावी बाजू गेली. पळणे अजून सुरू नाही. एका कानाने ऐकत पळणं म्हणजे एका पायात चप्पल.
हिने जेवणाच्या टेबलाशी जागा बदलली. चाळीस वर्षं डावीकडे बसली, आता उजवीकडे बसते. विचारलं तर म्हणते, इथे उजेड बरा. म्हातारपणी बायकांची नजर उतरते. मी बोललो नाही, मन दुखवू नये.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
आज दुकानात मनाला लागलं. मुलगी म्हणते, "काका, एकदा उलटे घालून बघता का? डावं उजव्यात?"
मला! ज्याने तिच्या आईच्या लग्नाआधीपासून रेडिओ उघडले त्याला! मी सांगितलं, बाळ, बूट उलटे घालून कुणी चालतं का. ती माझ्या उजव्या हाताला येऊन हळूच म्हणाली, "अजून एक परत आला तर मला कायम नाही करणार."
याला भावनिक दबाव म्हणतात. मी कनवाळू माणूस, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. आज मी गप्प बसलो तर उद्या एखाद्या गरीब धावपटूची डावी बाजू बंद निघेल. तिसरे घेतले, लष्करी बनावटीचे, वरून ट्रक गेला तरी चालतात असं डब्यावर आहे. ट्रेडमिल सात मिनिटं. एकूण अकरा.

२३ फेब्रुवारी, सोमवार
तिसऱ्यांची डावी बाजू बंद. ट्रक गेलेला नाही.
मालकांना पत्र लिहायला बसलो. दोन पानं, अक्षर सुरेख. लिहिलं की हेडफोनवाली मुलगी गुणी आहे, गोड बोलते, पण कान तयार नाही. सदोष माल ओळखत नाही आणि जुन्याजाणत्याला उलटं घालायला सांगते. तिला वेळीच वळण लागावं. शेवटी लिहिलं, हे तिच्याच भल्यासाठी. मुलीसारखी आहे म्हणून लिहिलं, नाहीतर कोण कागद खर्च करतो.
हिने पत्र वाचलं. म्हणाली, नका देऊ. का, ते सांगितलं नाही. बायका मऊ असतात.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
पत्र दिलं. मालकांनी चहा पाजला, क्षमा मागितली, पदरचे पैसे घालून स्वतःच्या हाताने चौथे दिले. डोक्यावरून घालायचे, कान झाकणारे, दुकानातले सगळ्यांत महाग. मोठा माणूस.
मुलगी खोकी रचत होती. माझ्याकडे बघत नव्हती. मी जवळ जाऊन म्हटलं, मनाला लावून घेऊ नकोस, आम्हीही बोलणी खाऊनच शिकलो. ती काहीतरी बोलली. डाव्या बाजूला होती, ऐकू आलं नाही. पुटपुटायची सवय वाईट. पत्रात लिहायला हवं होतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
चौथ्यांचीही डावी बाजू बंद आहे. घेतल्याच दिवशी बंद होती, पण मालकांच्या चहानंतर बोलवेना. शर्यतीला तीन दिवस. आतापर्यंत पळालेलं अंतर: शून्य. पण ताकद शाबूत आहे, वापरलेलीच नाही.
व्याह्यांना सांगून ठेवलं की येतोय. ते म्हणाले, रुग्णवाहिका असतेच.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६
हेडफोन घालून बसलो होतो. ही आली. डोक्यावरून काढले, डावी बाजू उजवीकडे येईल असे फिरवले आणि पुन्हा घातले. गाणं तेच.
डावीकडे शांत. म्हणजे उजवी बाजू बंद पडली. म्हणजे जी उजवी बाजू आता डावीकडे आहे ती. आणि डावी, जी तीन आठवडे बंद होती, ती उजव्या कानावर ठणठणीत गातेय.
मी म्हटलं, आता दोन्ही बिघडल्या.
हिने कपाटावरचं टिकटिक करणारं घड्याळ आणलं, माझ्या हातचं, तीनदा दुरुस्त केलेलं. उजव्या कानाला लावलं. टिकटिक. डाव्या कानाला लावलं. मी म्हटलं, बंद पडलं. तिने काटा दाखवला. फिरत होता.
हाच कान. बेअरिंगवाला.
कधीपासून माहीत आहे, म्हणून विचारलं. दिवाणावर माझ्या उजव्या बाजूला बसत म्हणाली, "दोन वर्षं झाली. सांगितलं असतं तर तुम्ही मलाच बदलून आणलं असतं."
मग चहा करायला गेली. मी नियम आठवत बसलो. आधी बोर्ड, मग यंत्र. चार यंत्रं उघडली.

२८ फेब्रुवारी, शनिवार
दुकान दहाला उघडतं. आज महिनाअखेर, तिच्या कायम होण्याचा दिवस. साडेनऊला निघालो. पोस्टाच्या चौकाशी पोचलो आणि एकदम पाय उचलले गेले. पळालो. चपलेवर, कानात काही नाही, पोट पुढे. पोस्टापासून दुकानापर्यंत, न थांबता. नंतर नकाशावर मोजलं, सहाशे मीटर. आयुष्यातली पहिली धाव.
काउंटरवर दुसरी मुलगी. मला बघताच तिचा हात वहीकडे गेला. म्हणाली, काका, काही परत करायचंय का? या मुलीला आधीच सांगून ठेवलेलं दिसतं. आधीची कुठे म्हणून विचारलं. ती म्हणाली, मी परवापासून आहे, आधीच्या मुलीचं नाव सांगा, आत विचारते.
नाव.
चार वेळा समोर उभा राहिलो. पट्टी तिच्या अंगावर होती, चष्मा माझ्या खिशात होता.
मालक स्वतः बाहेर आले. हात जोडून म्हणाले, आता तरी नीट चालतात ना? मी सांगणारच होतो की दोष माझ्या कानात आहे, पोरीचा काही नाही, तिला परत बोलवा. शब्द अगदी ओठावर होते. पण दुकानात सहा-सात गिऱ्हाइकं. त्यांतला एक माझ्याकडूनच पंखा दुरुस्त करून नेणारा. आणि मला ती मिक्सरवाली बाई आठवली.
म्हटलं, हो, चालतात.
मालक खूश झाले. म्हणाले, "बघा, तिला काढलं आणि प्रश्न मिटला."
मी मान हलवली. ती माझीच मान होती.
येताना चालत आलो.

१ मार्च, रविवार. सकाळी ७.३०
शर्यत आता सुरू झाली असेल. कान दुखतो असं व्याह्यांना कळवलं. कान दुखत नाही. त्याला काहीच होत नाही.
पत्र लिहिलं, इथे उतरून ठेवतो.

चि. (नाव कळल्यावर घालणे) हिला आशीर्वाद.
तुझी प्रकृती बरी असावी. आईची बरी असावी. तिचे हात-पाय कामाने दुखत असतील, तिला जपावं. माझे गुडघे बरे आहेत, कंबर बरी आहे. उजवा कान बरा आहे. डाव्याची विचारपूस मी वेळेवर केली नाही.
चारही हेडफोन उत्तम होते. तू सांगितलंस तेच बरोबर होतं. मी मालकांना खरं काय ते सांगणार आहे, गर्दी नसेल अशा दिवशी. पत्र तुझ्या भल्यासाठीच लिहिलं होतं. (हे वाक्य खोडलं. मग परत लिहिलं. मग परत खोडलं.)
तू राहिलेला पगार घ्यायला येशील तेव्हा हे मिळावं म्हणून दुकानात ठेवायचं आहे, पण पाकिटावर काय लिहू ते कळत नाही. तेव्हा आधी तू तुझं नाव कळव, म्हणजे मला हे पाठवता येईल. फोन केलास तर मी उजव्या कानाला लावीन. पण पत्रच बरं.
उत्तर लवकर लिही.