दुसऱ्या कडव्याच्या आत

अहो,

तुम्ही उठायच्या आत निघतेय. उठवलं असतं तर पुन्हा वाद झाला असता. जेवण झाकून ठेवलंय, रक्तदाबाची गोळी कपाजवळ आहे. धाकटीच्या खोलीची खिडकी आज उघडलीय. पाऊस आला तर लावा, पण दार ओढून घेऊ नका.

"देव काय फक्त चर्चमध्येच बसलाय का?" असं काल म्हणालात. नाही बसलेला. पण आपली धाकटी लेक गेल्यापासून नऊ रविवार आपण घरीच उपासना केली, आणि झालं काय? गीताच्या दुसऱ्या कडव्याला माझा गळा भरून येतो आणि नेमका तिथेच तुमचाही. मग तुम्ही तीच खुर्ची दुरुस्त करायला घेता, मी घासलेली भांडी पुन्हा घासते, आणि स्तुती अर्धवटच राहते. दोघंही एकाच जागी कोसळलो तर सावरायचं कुणी?

तिला माती दिली त्या दिवशी माझ्या तोंडून अक्षर फुटत नव्हतं. मागच्या बाकावरची बेकरीवाली, ना सूर ना ताल, पण माझ्या वाटचं शेवटपर्यंत गायली. गुरुवारी तिचा नवरा गेला. आज ती एकटी येणार आहे. तिच्या वाटचं गायला कुणीतरी हवं ना?

खरं सांगू, देवावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. तरी गाईन.

तुमचं गीतांचं पुस्तक नेतेय, तुमच्या जागेवर ठेवीन. दुसरं कडवं सुरू व्हायच्या आत पोचलात तरी पुष्कळ झालं.