कोट नसलेला फोटो

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

ज्या क्षणी तनुजानं मला 'दादा' म्हटलं, त्या क्षणी माझं सगळं बदललं. तोंडानं म्हणाली असती तर ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. तिनं ते लिहून पाठवलं. तिच्या वाढदिवसाला मी बारा ओळींच्या शुभेच्छा पाठवल्या, उलट टपाली दोन शब्द आले: थँक्यू दादा. मी गच्चीवर होतो. मोबाईल खाली गेला. हातातून निसटला असं आईला सांगितलं, पण समोरच्या भागूबाईंनी तो आधी वर जाताना पाहिलाय, आणि त्यांची नजर या वयातही लई चांगली आहे.

तनुजा म्हणजे माझ्या वर्गातली. म्हणजे मी वर्गात होतो तेव्हाची. प्रोजेक्टला तिच्याबरोबर दुसऱ्याचं नाव लागलं म्हणून मी सरांच्या केबिनचं दार असं आपटलं की त्यांच्या नावाची पाटी खाली आली, हे तुला ठाऊकच आहे. मला कुणी काढलं नव्हतं. पडलेल्या पाटीसमोरून रोज जायचं कसं, म्हणून मीच गेलो नाही. आता घरोघर पाण्याचे जार टाकतो. खांदे भरलेत. डोकं अजून रिकामं आहे, असं आई म्हणते.

तू पाय मोडून पाचोडला पडलीस, घरी येता येत नाही, म्हणून घरचे रोजचे साधे फोटो पाठव म्हणालीस. मोबाईल पुन्हा घेणार नाही अशी मी आईसमोर शपथ घेऊन बसलोय. तेव्हा कॅमेराच घ्यावा म्हणून गुलमंडीला फय्याजचाचांच्या दुकानात गेलो. त्यांनी जुन्यातले दोन पुढं ठेवले. एक साबणाच्या वडीएवढा. दुसरा काळा, लांब नळीचा, गळ्यात अडकवायचा. मग विचारलं की मियाँ, फोटू किसका लेना है, पहले वो बोलो. मी निसर्गाचा म्हणालो. चाचांनी बाहेर बघितलं. बाहेर रिक्षा आणि केळीवाला होता.

कुठला घेऊ ते कळव. आईच्या फोनवर सांगू नकोस, तिचा फोन अख्ख्या गल्लीला ऐकू येतो. आहे तेवढा लोभ राहू दे, वाढव म्हणायला तोंड नाही.

तुझा,
इंद्रजीत


पाचोड
१७ जानेवारी २०२५

चि. इंद्रजीत यास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. हसताना प्लास्टरच्या आत खाज सुटली आणि तिथं बोट जात नाही, तेव्हा पुढचं पत्र जरा बेतानं लिही.

साबणाच्या वडीएवढा घे. खिशात बसेल, त्याचा स्वतःचा फ्लॅश असेल, एक बटण दाबलं की चालू होईल आणि आईलाही तुझा फोटो काढता येईल असा. बॅटरी बाजारात अजून मिळते का तेवढं विचार. झूमचं वेड नको. ज्याचा फोटो काढायचा त्याच्याजवळ चालत जाता येतं, त्यासाठीच देवानं नाही तरी आईनं पाय दिलेत. माझा सध्या एकच आहे, म्हणून किंमत कळली.

साधे फोटो का मागते तेही ऐक. बाबा गेले तेव्हा तू सातवीत होतास. भिंतीवर लावायला फोटो शोधला तर कामावरच्या ओळखपत्रावरचा तेवढा सापडला. स्टुडिओवाल्यानं तो मोठा केला आणि वर निळा कोट न् टाय चढवली. ज्या माणसानं जन्मात कोट घातला नाही तो नऊ वर्षं भिंतीवरून साहेबासारखा बघतोय. मला कधीकधी ते कसे हसायचे तेच आठवत नाही, कोट आठवतो. आईचं तसं व्हायला नको. ती आहे तशी मला पाहिजे, विस्कटलेली, बडबड करणारी.

तनुजाबद्दल पुढच्या पत्रात रागावेन. सध्या लोभ पुरवून वापर.

तुझी,
विशाखाताई


मुकुंदवाडी
२७ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

मोठा घेतला.

तू लिहिलंस ते सगळं पटलं होतं. दुकानात छोटा हातातही घेतला. मग चाचांनी मोठा नुसता गळ्यात घालून बघ म्हणून दिला, समोर आरसा होता, आणि आरशातला माणूस कॉलेज सोडलेला वाटत नव्हता. थेट कॉलेजच्या गेटवर जाऊन उभा राहिलो, तनुजा दिसेल म्हणून. ती आली नाही. वॉचमन आला. कुठल्या पेपरचे म्हणून त्यानं विचारलं, मी मान हलवली, तर त्यानं पगार थकल्याची सगळी कैफियत ऐकवली आणि बातमी कधी येणार ते विचारलं. आता तो रस्ताही बंद.

आईचा फोटो काढायला गेलो तर तिनं पदर सावरला, हात गुडघ्यावर ठेवले आणि एकदम गप्प झाली. मग म्हणाली, एकटीचा काढतो व्हय? एवढ्यात भिंतीवर लावायची घाई झाली का तुला? एवढ्या मोठ्या यंत्रानं एकट्या म्हातारीचा फोटो काढतात तो हार घालायलाच, असं तिचं म्हणणं. उठून गेली. मी बटण दाबलं तेव्हा फक्त खुर्ची होती. ती मात्र फार सुरेख आली आहे.

आता खरं संकट. मंडपवाल्या धम्मपालकाकांनी गळ्यात कॅमेरा पाहिला आणि पडेगावला घरगुती साखरपुडा आहे, फोटो काढशील का विचारलं. आजवर मला कुणी काम विचारून दिलं नव्हतं. मी हो म्हणालो. मग कुणाकडं ते विचारलं. खरातांकडं म्हणाले. खरात म्हणजे तनुजा. मुलगा सिल्लोडचा, बँकेत आहे.

मी जाणार. जाऊन सगळ्यांसमोर तिला एकच विचारणार, की दादा म्हणायची गरज काय होती. वाक्य पाठ केलंय. पुढं काय व्हायचं ते होवो. नऊ तारखेला आहे. या पत्रानंतर लोभ ठेवायचा की नाही ते तूच ठरव.

तुझा,
इंद्रजीत


पाचोड
१ फेब्रुवारी २०२५

इंद्रजीत,
जयभीम.

आशीर्वाद या वेळी राखून ठेवलेत.

एकच सांग. त्या मुलीला तू कधी काही विचारलं होतंस का? तिच्यासाठी कॉलेज सोडलंस, मोबाईल फोडलास, सरांची पाटी पाडलीस, हे सगळं तिला सोडून साऱ्या मुकुंदवाडीला माहीत आहे. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिनं दोन शब्दांत आणि वर थँक्यू म्हणून दिलं. त्यात तिचा गुन्हा कुठला? तिच्या घरची माणसं गोळा होतील, नवी सोयरीक असेल, तिथं तू ते वाक्य बोललास तर तुझा राग निघेल आणि तिला मात्र ते आयुष्यभर सासरी ऐकावं लागेल. एवढा विचार कर.

तुझ्या रागाची मला भीती वाटते, रे. आपल्या घराच्या दाराच्या बिजागऱ्या मी दोनदा बदलल्या, दोन्ही वेळा तूच आपटून निखळवल्या होत्यास, आणि दोन्ही वेळा दार उचलून धरायला तूच होतास. जायचंच असेल तर फोटो काढायला जा. नाहीतर काकांना नाही म्हण. आणि तो तोफेसारखा कॅमेरा परत दे. आई बिचारी त्याच्यापुढं बसेल कशी?

लोभ आहे. धाक दाखवायला नाही म्हणावंसं वाटलं, पण जमलं नाही.

विशाखाताई


मुकुंदवाडी
१० फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

सोबत आईचा फोटो आहे. आठवड्यानं नळाला पाणी आलं त्या सकाळचा. ड्रम भरताना पाईप निसटला, भागूबाई भिजल्या, आणि आई पोट धरून हसतेय. पदर कुठं, केस कुठं, काही पत्ता नाही. मी चार हातांवर उभा होतो, तिला कळलंही नाही. बघून आधी शिव्या दिल्या, मग माझ्याकडून मागून घेऊन दिवसभर जवळ ठेवला. एक प्रत तिच्याचकडं आहे.

हा छोट्या कॅमेऱ्यानं काढला. मोठा घेऊन चाचांकडं गेलो तेव्हा त्यांनी कारण विचारलं नाही, फक्त तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला. अम्मी का म्हणालो. तर म्हणाले, पहलेच बोलना था ना बेटा, आणि साबणाची वडी पुढं सरकवली.

काल पडेगावला गेलो. खिशातून कॅमेरा काढला तेव्हा धम्मपालकाकांचा चेहरा पडला. हे काय, दाढीचं मशीन आणलंस का म्हणाले. बँकवाला चांगला आहे. मी त्यात खोट शोधायला पूर्ण अर्धा तास दिला. शेवटी बूट जरा टोकदार होते, एवढंच हाती लागलं.

वाक्य तयार होतं. तेवढ्यात तनुजाच समोर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली की दादा, आजी फोटोला येतच नाही, तू बघतोस का? ताई, माझं तोंड उघडलं होतं. पण मी विचारलं, आजी कुठं आहे.

आजी, सरूबाई, स्वयंपाकघरात लपली होती. सकाळी कुणीतरी तिला एकटीला खुर्चीत बसवायला गेलं होतं, तेव्हापासून. मला कारण विचारावं लागलं नाही. मी शेजारी जमिनीवर बसलो. ती पोळीचे कडक काठ तोडून बाजूला ठेवत होती, मऊ तेवढं खात होती. काठ मला दिले, मी खाल्ले. हातात काय आहे म्हणाली. कॅमेरा म्हणालो. एवढ्याशा डबीत मी मावते व्हय, असं म्हणून ती जी हसली, तेव्हाच बटण दाबलं. मागं दारात तनुजाही हसत होती, ती फोटोत अर्धी आली आहे. जरा सरकलो असतो तर पूर्ण आली असती. सरकलो नाही. तो फोटो पाठवत नाही, तो त्यांच्या घरचा आहे.

आता प्लास्टर निघालं की ये. तुझाही काढायचाय, लंगडताना. राखून ठेवलेले आशीर्वाद आता सोडलेस तर बरं होईल.

तुझा,
इंद्रजीत

ता. क. वाक्याचं काय झालं ते राहिलं. निघताना तनुजा दाराशी आली. येतो ताई म्हणायचं ठरवलं होतं, पण एवढं मोठं मन अजून झालेलं नाही. नुसतं येतो म्हणालो. सासरी काय ऐकायचं ते ऐकेल, माझं ते वाक्य तिला ऐकावं लागणार नाही. ती आत वळता वळता म्हणाली, दार फुगलंय, जोरात आपटल्याशिवाय लागत नाही. जन्मभर ज्याची तालीम केली ते करायला मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. पण दाराच्या आतच, सतरंजीवर, थकून सरूबाई झोपली होती. मी बाहेर आलो. तुझ्या बिजागऱ्या आठवल्या. दार दोन्ही हातांनी जरासं वर उचललं आणि लावून घेतलं.