कुपाच्या बाहेर

इटारसी,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

प्रिय पार्बता,

पुन्हा तेच लिहिलंस तू, की मी घरातून पळून आलो. अगं, पळून जाणारा माणूस मायकडून भाकर बांधून घेत नाही. मी भर बाजाराच्या दिवशी, चारचौघांदेखत अंजनगावच्या ठेसनावर गाडीत बसलो. तू स्वतः मळ्याच्या काटेरी कुपापर्यंत आली होतीस. डोळे पुसत होतीस की पदर चावत होतीस ते मला नीट दिसलं नाही, पण होतीस. मग पळाला काहून म्हणतेस? बा म्हणतो म्हणून? बा तर काहीही म्हणतो. वेली मेल्या त्या माझ्या जोड्यांनी मेल्या, असंच म्हणतो ना अजून? मान्य, पानमळ्यात अनवाणी शिरायचं असतं. मान्य, मी नवे जोडे घेतले होते आणि ते पायातून काढायचं जिवावर आलं. चार पावलं आत गेलो, तेवढ्यात बाची हाक आली आणि मी मागं फिरलो. पण त्याच साली पलीकडच्या रामरावच्या वेलीही मुळापासून सुकल्या. रामरावनं जन्मात जोडा घातला नाही. हे बाला कोणी सांगावं? मी सांगितलं तर म्हणाला, "तुह्या पायाची हवा तिकडं गेली असन." अशा माणसाशी काय बोलावं!

जाऊ दे. हे सगळं तुला पाठ आहे. खरं म्हणजे आता भांडायचाही जोर राहिला नाही. इथं इंजिनाच्या शेडात दिवसभर कोळशाच्या टोपल्या डोक्यावर वाहायच्या, त्या संपल्या की राखेचा खड्डा उपसायचा. राख वरून थंड दिसते, आत पाय पोळतो. खोलीवर आल्यावर भाकर थापायचा कंटाळा येतो, मग चणे खाऊन पडतो. घरी होतो तेव्हा माझं बूड एका जागी टेकत नाही म्हणून माय बोंबलायची. आता टेकतं. टेकलं की उठवत नाही. तू हसशील, पण खरंच, मागच्या रविवारी सुट्टी होती तर नर्मदेवर जाऊन येऊ म्हणून निघालो आणि फाटकापर्यंत जाऊन परत आलो. मी, जो तुला दिवाळसणाला तेल्हाऱ्याला नेताना गाडीतून उतरून बैलांच्या पुढं चालायचो.

तुझं पत्र मला दोनदा बसून वाचावं लागतं. तू चौथी शिकलेली, मी दुसरीतून मास्तरचा मार खाऊन घरी आलेला. शेजारचा भगवंतराव म्हणतो, आण, मी वाचून देतो. मी देत नाही. त्यातलं बकरीचं जे लिहिलंस ते त्याला काहून वाचू देऊ? बानं तुझ्यासाठी पेरू आणला, सुनेशी बोलायचं नाही म्हणून ओट्यावर ठेवला आणि बकरीला म्हणाला, "कोनाले खायाचा असन तर खा बाप्पा, पिकला हाय." आणि बकरीनंच तो खाल्ला! मग बा तिच्यावर ओरडला, "तुले नाई म्हनलं व मी!" मी हे वाचून एकटाच हसलो. माझ्याशी बा असं कधी बोलला नाही, बकरीमार्फतसुद्धा नाही.

असंच लिहीत जा. भांडण थोडं कमी लिही आणि हे जास्त. संध्याकाळी डालीतली पानं फिरवायला बसता तेव्हा कोण कुठं बसतं ते लिही. मी असताना तू मायच्या डाव्या हाताला बसायचीस. माय न बघता सडकं पान बाजूला फेकायची, बा प्रत्येक पान नाकाला लावायचा, आणि मी दहा पानं फिरवली की पाणी प्यायला उठायचो. मला ते काम म्हणजे जेल वाटायचं. रोज तीच पानं, तोच ओला फडका, तेच चिडीचूप बसणं. आता इथं टपरीवर कोणी पानाचा गठ्ठा सोडला आणि तो ओला वास आला की मी उगाच दोन मिनिटं थांबतो. पान घेत नाही. पैसा कशाला घालवायचा.

आंबाडीची भाजी आणि कण्या तुला सकाळ-संध्याकाळ खाव्या वाटतात म्हणतेस. मग खा. माय रागावत असली तरी करून देते ना? आणि ती भिंतीची पांढरी माती खाऊ नको. वास घे, पण खाऊ नको. बाळ मोटेची चाकं कुरकुरली की लाथ मारतं, हे खरं की मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस? खरं असेल तर पोरगं माझ्यावर गेलं. आवाज झाला की निघालं. मायनं जुन्या लुगड्यांचे तुकडे धुऊन ठेवले, नवं कापड आधी घ्यायचं नाही म्हणाली, हेही वाचलं. ते हिरवं लुगडंही फाडलं का? त्याचा काठ मला आठवतो. मी लहानपणी तापलो की माय त्याच काठानं माझं कपाळ पुसायची.

आता तुझ्या मुद्द्याचं. तू लिहितेस, तुम्ही बाला एक पत्र लिहा, की बाळंतपण घरातच होऊ द्या. तीनदा लिहिलंस आणि तिन्ही वेळा मी दुसरंच काहीतरी लिहून पाठवलं, म्हणून तू चिडलीस. बरोबर चिडलीस. पण तूही पानमळेवाल्या बारीच्या घरची लेक आहेस, तुला मी काय सांगू? घर मळ्यात, दार वेलींसमोर. विटाळशी बाई जिथं वेलीजवळ जात नाही तिथं बाळंतपण कोण होऊ देईल? पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणून हा प्रश्न पडत नाही. पण तुझी माय असती तर. तुझ्या भावजयीनं तेल्हाऱ्याहून तसा निरोप पाठवला, "आमच्याच पोरायले जागा नाई," तेव्हा तू तीन दिवस जेवली नाहीस असं मायनं कळवलं होतं. तू ते मला लिहिलं नाहीस. तर राहिला कुपाबाहेरचा गोठा. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कूड, वर गवत. आणि दिवस भरतात पौषात.

त्या गोठ्याचं तुला कोणी सांगितलं की नाही माहीत नाही. माय सांगणार नाही. माझ्या पाठीवर एक बहीण झाली होती, पौषातच, त्याच गोठ्यात. मी तेव्हा एवढासा होतो. मला इतकंच आठवतं, की कुपाच्या या बाजूला बा उभा होता आणि त्या बाजूला ती रडत होती. मग रडायची थांबली. बारशाआधीच गेली, म्हणून तिला नाव नाही. माय तिला फक्त "ते" म्हणते. "ते असतं तर आता इतकं झालं असतं." बा त्यावर कधी काही बोलला नाही. मला वाटायचं त्याला काही वाटत नाही. वेली जगल्या ना, बस. माझं त्याच्याशी जे बिनसलं ते जोड्यांपासून नाही, पार्बता. जोडे मी मुद्दाम काढले नव्हते.

आणि आता ऐक. परवा गफ्फारभाई भेटला. अंजनगावला लागूनच्या सुर्जीचा पानवाला अब्दुल गफ्फार, तोच, आपल्या पानांच्या डाल्या नेणारा. माल घेऊन इथं उतरला आणि मला शोधत शेडापर्यंत आला. माझ्या तोंडाला कोळसा फासलेला, त्यानं आधी ओळखलंच नाही. म्हणाला, "अरे शेषराव, तू है क्या? मैं समझा इंजिन का बच्चा है." मग चहा पाजला आणि म्हणाला, "तेरा बुढा गोठे को गारा लगा रहा था. अकेला. मैंने कहा, मजूर लगा लो. वो थापताच रहा." आतून-बाहेरून दोनदा लिंपला म्हणे. वाऱ्याच्या बाजूला तुराट्यांचा दुसरा कूड घातला. दार लहान केलं. आणि शेगडी किती धूर करते ते बघायला स्वतः आत बसून राहिला, डोळे लाल होईपर्यंत.

हे ऐकून मी बाहेर बाकावर बसलो. मला राग यायला हवा होता. एवढं समजतं तर घरातच होऊ दे ना, असं ओरडायला हवं होतं. पण झालं नाही माझ्याच्यानं. बा इतकी वर्षं त्या कुपाशी उभाच आहे, असं काहीतरी वाटलं. नियम त्यानं केलेला नाही. मोडायची त्याची छाती नाही. वेली गेल्या तर आपण सगळेच उपाशी, आणि त्याला खरंच वाटतं की जातील. पत्र लिहून मी त्याला बदलणार नाही. मी लिहिलंही असतं, पण तो ते कोणाकडून तरी वाचून घेईल, ऐकेल, आणि उद्या आणखी एकदा गोठा लिंपेल. म्हाताऱ्याला त्याहून जास्त येत नाही.

पण गोठा तो गोठाच. कितीही लिंपला तरी पौषातली गार हवा गवतातून उतरते. तिथं तू झोपायचं नाहीस. मी गफ्फारभाईशी बोललो. त्याच्या गल्लीत मनकर्णाबाई सुईण राहते, तुला माहीत आहे, रामरावच्या सुनेचं बाळंतपण केलं तिनं. घर पक्क्या विटांचं आहे, पुढची खोली रिकामी आहे आणि तिला नीट कडी लागते. ती खोली महिन्याच्या भाड्यानं द्यायला बाई तयार होईल असं तो म्हणतो. पौष लागला की गाडी करून सुर्जीला जा. माय तुझ्यासोबत राहील. चाळीस दिवस तिथंच राहा, घाई करू नका. दोन्ही वेळ शेक, डिंकाचे लाडू, गरम पाणी, काही कमी करू नको. बाला भांडून सांगू नको. मायकडून इतकंच कळव, की सुर्जीही कुपाच्या बाहेरच आहे. त्याचा नियम राहतो, तुझ्या डोक्यावर छप्पर राहतं. तो काही बोलणार नाही. कदाचित बकरीला बोलेल. आणि गोठा इतका लिंपलाय तर त्यात बकरी बांधा म्हणावं, तिचंही या हिवाळ्यात भलं होईल.

आता सगळ्यात शेवटी तू जे बारीक अक्षरात विचारलंस, ते. पौषात येता ना? मी त्याचं उत्तर द्यायचं टाळून वरचं सगळं भांडण लिहीत बसलो. पत्र लिहायला मात्र बसलो होतो एवढ्याचसाठी. रजा मंजूर झाली होती, पार्बता. बिनपगारी का होईना, मुकादम हो म्हणाला होता. जायचं-यायचं भाडं आणि रजेच्या दिवसांत खायला लागेल ते मी दिवाळीपासून बाजूला टाकत होतो. तुला सांगितलं नव्हतं, अचानक येऊन कुपाशी हाक मारायची असं मनात होतं. पण खोलीचं भाडं, गाडी, मनकर्णाबाई, तूप, हे सगळं आणि माझं येणं, दोन्ही होत नाही. मी खूप वेळा जमवून पाहिलं. तेव्हा काल मुकादमाला सांगितलं, रजा नको. तो म्हणाला, बरं झालं. तू तसं म्हणू नको. राग आला तर राग लिही. बाळ झालं की मात्र पहिल्या दिवशीच लिही, कोणावर गेलं, रडतं कसं, मूठ किती घट्ट धरतं, सगळं लिही, भलं मोठं लिही, मी चारदा बसून वाचीन. होळीला येईन म्हणतो, पण वचन देत नाही. मनीऑर्डर बाच्या नावानं नाही, मायच्या नावानं केली आहे, पोस्टमन आला की तूच शेजारी बस. एकवीस रुपये.

तुझाच, इतक्या लांबून,
शेषराव