डाव्या हाताचं घर

बाबा, होळीच्या आधी न्हाणीघरातली तुमची एक खुंटी काढायला गेले आणि माझं उजवं कोपर भिंतीवर असं आदळलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. टॉवेल अडकवायची ती खुंटी. उजव्या कोपऱ्यात, बाजूच्या भिंतीला अगदी चिकटून तुम्ही ती बसवलेली. तिथं उजव्या हातात पेचकस धरला तर तो फिरवायला जागाच नाही. स्टुलावर उभी राहून मी बराच वेळ झटापट केली, तुमच्या नावानं बोटं मोडली, आणि शेवटी वैतागून पेचकस डाव्या हातात घेतला. स्क्रू मुकाट सुटत आला. मी स्टुलावरच थांबले. इथं उभं राहून या माणसानं हे काम केलं तरी कसं, असा प्रश्न तुम्ही जाऊन वीसेक वर्षं झाल्यावर मला पहिल्यांदा पडला.

पण हे तुम्हाला असं मधूनच सांगून कळणार नाही. आईला मागच्या पावसाळ्यात लकवा मारला. जीव वाचला, बोलणं परत आलं, काठी घेऊन चालतेही, पण उजवा हात गेला तो गेलाच. दवाखान्यातून दादानं तिला सरळ पुण्याला नेलं. त्याचं घर नवंकोरं, लिफ्टचं, सगळ्या सोयींचं, आणि तिथं आईला काही म्हणता काही जमेना. दार उघडेना, नळ फिरेना, गॅस लागेना. महिनाभरात ती नुसती बसून राहायला लागली. मग हट्ट धरून अकोल्याला परत आली. दुपारच्या स्वयंपाकाला बाई लावली, रात्री सोबतीला शेजारच्या काकू येऊन झोपायच्या. राहिली सकाळ. दादा मला फोनवर म्हणाला, "होळी झाली की मी येतो. तोपर्यंत तिला सकाळचं आपलं आपण करता आलं तर राहू दे. नाहीतर मी तिला कायमची घेऊन जातो, आणि मग घराचंही काय ते बघू." घराचंही काय ते, म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल. आईलाही कळलं होतं. त्या रात्री ती जेवली नाही, असं काकूंनी मला फोनवर सांगितलं.

मी शाळेतून निवृत्त झालेली, हाताशी वेळ भरपूर, आणि वस्तू उघडून बघायची खोड तुमचीच. अमरावतीहून निघाले ती ड्रिल मशीन पिशवीत घालूनच. गाडी मूर्तिजापूरला थांबली तेव्हा समोरच्या बाईनं विचारलं, "मिक्सर हाय काय वं?" मी हो म्हटलं. साठीच्या बाईनं भिंतींना भोकं पाडायला निघावं, हे तिला समजावत बसायचं कोणी!

घरात शिरल्या शिरल्या मी ठरवलं की आधी या घरातल्या उलट्या वस्तू सरळ करायच्या. आठवतं ना, आपल्या घराला सगळी गल्ली हसायची. सगळ्या कड्या भलत्याच बाजूला, दिव्यांची बटणं दाराच्या भलत्याच अंगाला, जिन्याचा कठडा भलतीकडे. काकू म्हणायच्या, "तुमच्या घरी चोर आला तं त्यालेही आधी शिकवनी लावा लागते." तुम्ही हसायचात आणि विषय जिनातल्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातल्या, कापसावर न्यायचात. तुम्ही कापसाच्या जिनात वजनकाट्यावर बसणारे, सुताराचं काम कुठं शिकलेले नाही, म्हणून चुकत असेल, अशी मी माझ्यापुरती समजूत घातली होती. तर पहिल्याच दिवशी न्हाणीघराची तुमची जुनी कडी काढली आणि बाजारातून आणलेली चकचकीत स्टीलची कडी लावली. जगातल्या सगळ्या कड्यांसारखी. स्वतःवर खूश होऊन झोपले.

सकाळी आई आंघोळीला गेली आणि आत अडकली. कडी तिनं खांद्यानं दार रेटून कशीबशी लावली होती, पण उघडताना डाव्या हाताला दांडीची नीट पकडच मिळेना. आधी खुडखुड, मग शांतता, मग तिचा बारीक आवाज, "अवं, उघडत नाई वं हे." मी बाहेरून दाराला कपाळ टेकून उभी. घाबरले बाबा, खूप घाबरले. तिचा तोल गेला तर, एवढंच डोक्यात. शेवटी म्हटलं, आई, टॉवेलचं टोक दांडीला गुंडाळ आणि ओढ. दोन-तीनदा सुटलं, मग कडी सरकली. बाहेर आली ती ओल्या केसांनीच, आणि पहिलं वाक्य काय, "तुह्या बापाची कडी काहून काढली? ते बरी उघडत व्हती!"

मी मुकाट जुनी कडी परत लावली. आणि मग तिथंच बळकट दांडा बसवावा, आईला धरून उठता येईल, म्हणून टॉवेलची खुंटी काढायला स्टुलावर चढले. पुढचं सांगितलंच.

स्टुलावरून उतरले ते घरभर फिरत सुटले. तुमची प्रत्येक कडी आधी उजव्या हातानं उघडून पाहिली, मग डाव्या. डाव्या हाताला सगळं लोण्यासारखं सरकतं. स्वयंपाकघरात ओट्याचा तो बिनकामाचा वाटणारा रुंद तुकडा गॅसच्या डाव्या अंगाला, नळ डावीकडे, तांब्याची जागा डावीकडे. मागच्या दाराला आडवा घालायचा आडणा डाव्या हातानं उचलला तर एका झटक्यात निघतो. उजव्यानं उचलताना लहानपणी माझी बोटं किती वेळा चेमटली, ते तुम्हाला ठाऊक आहे. सोप्या कामाला आपण डाव्या हाताचा खेळ म्हणतो. इथं तर सगळं घरच तो खेळ होऊन बसलं होतं आणि आम्ही त्याला चूक म्हणत आलो.

पण तुम्ही तर उजव्या हातानं जेवायचात. उजव्या हातानं लिहायचात, जरी अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. जिनातले लोकही त्यावरून तुमची थट्टा करायचे. मग मला तुमचे रविवार आठवले. तुम्ही मागच्या खोलीत सामान घेऊन जाता आणि दार लावून घेता. आतून करवतीचा आवाज येतो. मी फटीला डोळा लावते, तर तुम्ही आतूनच ओरडता, "जाय तिकडं!" मी विचारते, पण बाबा, दार काहून लावता? तुम्ही म्हणता, "तुह्या काहूनचं एक दिवस लोनचंच घालतो मी." आम्हाला वाटायचं, करवत लागेल म्हणून पोरांना दूर ठेवतात.

आणि संक्रांत आठवली. मी आठ-नऊ वर्षांची असेन. उजव्या हातात ताट, म्हणून तुमच्या जिनातल्या एका पाहुण्याला मी तिळगूळ डाव्या हातानं दिला. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या त्या हातावर चापट मारलीत. "डाव्या हातानं द्याचं नाई कोनाले. किती खेपा सांगू?" तुम्ही आम्हाला कधी बोट लावलं नाही, तेवढी एकच चापट. मला ती लागली त्यापेक्षा तिचं नवल जास्त वाटलं होतं. तुमचा चेहरा रागावलेला नव्हता, तो भ्यालेला होता. लहान पोराला असला चेहरा कळत नाही, पण तो राहतो लक्षात.

संध्याकाळी आई अंगणात खुर्चीवर बसली होती. मी शेंगा सोलत होते. सरळ विचारलं, "आई, बाबा डावरे होते काय?"

आईनं डाव्या हातानं एक शेंग उचलली. मग म्हणाली, "तुले आता समजलं काय?"

"तुला माहीत होतं?"

"मले नाई तं कोनाले माईत राहीन? गावच्या शाळेत मास्तरनं त्याईचा डावा हात बाकाले बांधून ठेवला व्हता म्हने. घरी आजोबा ताटावरून उठवत. जेवाले बसले अन् डावा हात पुढं आला की ताट उचललं. लगन झाल्यावर मले सांगतलं त्याईनं, पोराईले सांगू नको म्हने. त्याईच्या हाताले तसं वळन नको."

"मग घरात?"

आई हसली. लकव्यानंतर तिचं हसू एका बाजूनंच येतं. "तुमी शाळेत गेले की कधीमधी सैपाकघराचं दार लावाले सांगत अन् डाव्या हातानं जेवत. लय सुखानं जेवत बाई."

बाबा, मला रडू आलं. लपवत नाही. आपल्याच घरात दार लावून जेवणारा माणूस आमचा बाप होता आणि आम्ही त्याच्या कड्यांना हसत होतो. पण आणखी एक गोष्ट मला तेव्हाच कळली, ती आईबद्दलची. ती दवाखान्यातून आल्यापासून कोणी पाहुणा आला की आत जाऊन बसते. मला वाटायचं, थकवा. विचारलं तेव्हा ती डाव्या हाताकडे बघून म्हणाली, "चहा तं करता येईन वं. पन या हातानं कोनाले देऊ कसा?" म्हणजे अर्धी अडचण कडीची होती आणि अर्धी ही. ही दुसरी ड्रिल मशीननं सुटणारी नव्हती.

पुढचे दिवस मी तुमचं काम पाहत पाहत माझं केलं. जे तुम्ही बसवलं त्याला हात लावायचा नाही, जिथं काही नाही तिथंच भर घालायची, असं ठरवून टाकलं. न्हाणीघरात दांडा लावला, आईच्या डाव्या हाताला येईल असा. भोक पाडण्याआधी दरवेळी उजवा हात पाठीमागे बांधून घेतल्यासारखी उभी राहायचे आणि डाव्यानं चाचपायचे. काकूंनी दारातून पाहिलं तर म्हणाल्या, "हे काय करून राह्यली वं, नाचून राह्यली का?" आई रोज सकाळी एकेक काम करून बघायची. कडी, नळ, मग गॅस. एक दिवस दूध उतू गेलं तर दोघी हसलो. पण चहा ती माझ्यापुढं ओट्यावर ठेवायची, हातात देत नव्हती. हे बोलून होणारं काम नव्हतं.

होळीनंतर दादा आला. सकाळी मी मुद्दाम अंथरुणातून उठलेच नाही. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, मग नळाचा, मग गॅसच्या लायटरचा. दादा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. मी मधल्या खोलीत पडल्या पडल्या दोघांना बघत होते. आईनं गॅसच्या डावीकडच्या त्या रुंद ओट्यावर कप मांडले, गाळणी ठेवली, चहा ओतला, थोडा सांडला, फडक्यानं पुसला. एक कप ओट्यावरूनच दादाकडे सरकवायला ती वाकली. थांबली. मग कप उचलला आणि दादापुढे धरला, डाव्या हातानं. दादानं कपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पुढं करून तो घेतला, प्रसाद घेतात तसा. चहा पिऊन झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "माझ्याकडं इतकं कुठं जमत होतं तुला." तिकीट त्याचं एकट्याचंच निघालं. आई आता इथंच आहे. उन्हाळा तापायला लागलाय आणि कूलरची टाकी गळते, ते माझं पुढचं काम.

हे सगळं तुम्हाला लिहिलं तरी हा कागद मी कुठं देणार नाही, दादालाही नाही. सारी गल्ली हल्ली आपलं घर बघायला येते. काकू सगळ्यांना तुमचीच कडी सरकवून दाखवतात, तिला आपण हसायचो हे विसरून, आणि म्हणतात, "पोरीनं मायसाठी पुरं घर डाव्या हाताचं करून देल्लं, असी पोरगी पाह्यजे." आई माझ्याकडे बघते, मी आईकडे, आणि दोघीही गप्प बसतो. तुमचं गुपित राखायचं म्हणून मी बोलत नाही, असं मी स्वतःला सांगते. पण बाबा, खरं सांगू? कौतुक बरंही वाटतं.