जोडीची कर्णफुलं

सेलू,
१४ डिसेंबर २००४

प्रिय दिपाली,

आठ वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट फाडून टाकावंसं वाटेल, पण आधी वाच. दोन दिवस मला एका जागी बसवत नाही. फळ्यावर अर्धं वाक्य लिहून थांबते, मुली एकमेकींकडे बघतात.

माझ्या मिहिरचं बारावीचं वर्ष, म्हणून सासूबाईंना त्याच्या बोटात माणिक हवं आहे. दुकानदारावर विसंबायचं नव्हतं, म्हणून मी नागपूरच्या इतवारीतून दीडशे रुपयांचं, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणलं. तिथल्याच एका ग्रंथालयातून रत्नांवरच्या पुस्तकाची वीस पानं झेरॉक्स केली. उजेड गाळणाऱ्या पोलरॉइड पट्टीचे दोन तुकडे तर आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतच होते, तू विज्ञान प्रदर्शनासाठी आणलेले. एकावर दुसरा आडवा धरला की उजेड अडतो. मध्ये खडा ठेवून वेगवेगळ्या बाजूंनी फिरवला तर खरं माणिक उजळतं, मालवतं, पुन्हा उजळतं. काच मात्र काळीच राहते.

सरावासाठी मी कपाटातली माणकाची कर्णफुलं काढली. तू भावाच्या लग्नाला माझ्याकडून गळ्यातलं पदक नेलं होतंस ना, त्याच्याच जोडीची. मागून उघडी आहेत, उजेड आरपार जातो. कितीही फिरवली तरी दोन्ही काळीच. भिंगातून पाहिलं तर आत गोल बुडबुडे. मग पदक काढलं. त्यातही तेच बुडबुडे.

पदक तू तिसऱ्या दिवशी परत केलंस. महिन्याने सराफ म्हणाला, ही काच आहे, आणि खडा तूच बदललास असं आमच्या घरानं ठरवून टाकलं. कर्णफुलं तर कधी उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. ती तपासावीत असं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी विज्ञान शिकवते.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “जुनं कायले उकरून राह्यली? ते गेली तिच्या गावाले.” मग दुपारी ताटावरून उठताना हळूच म्हणाल्या, “माह्या आईलेच फसवलं होतं कोनं तरी.” त्यांची आई हे सगळं माहेरचं म्हणून देऊन गेली होती. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना माहीत नाही, तुलाही नाही. त्या वर्षी जूनमध्ये शाळेनं तुला पुन्हा कामावर घेतलं नाही, तेव्हा सासूबाईंनीच तुझी बदनामी केली असं तू समजलीस. मी ते समजू दिलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत मी गेले होते, दिपाली. “तिच्यावर विश्वास ठेवता येणार नाही,” हे माझेच शब्द. कुणी विचारलंही नव्हतं. काल त्याच खोलीत जाऊन सगळं लिहून, सही करून दिलं. नोकरी परत मिळणार नाही, मला कळतं. येत्या रविवारी सकाळच्या बसनं तुझ्या गावी, रोहण्याला येते आहे. हेच तुझ्या घरच्यांसमोर सांगेन. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. नाही उघडलंस तर अंगणातूनच सांगून परत फिरेन.

तुझी म्हणवून घेण्याचा हक्क उरला असेल तर तुझीच,
मीरा