ढोलकीतला 'की'

६ जून १९६३, कुवेत
ही रोजनिशी लिहिणं भाग पडलं, कारण जेवताना दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेचं नाव काढायचं नाही, असा आमच्या यजमानांचा, नूरुद्दीनसाहेबांचा, हुकूम आहे. शर्क भागातल्या ऑफिसात दिवसभर हुकूम ऐकतात. द्यायला घरच उरतं.
मुद्दा सोपा. ढोल, लहान असला की ढोलकी. आफ्रिकान्समध्ये लहान कुत्रा म्हणजे हॉइन्की. हा 'की' आमच्या कोकणी खलाशांनीच केपटाऊनला नेला. बी.ए.ला व्याकरणात उगाच पहिली आले नव्हते.

९ जून
केपटाऊनच्या फखरुन्निसाखाला हजहून परस्पर इकडे आल्या. मूळ रत्नागिरीचं घराणं. भाच्यासाठी आमची असमा पाहायची आहे. आमच्यात पसंती तोंडाने सांगत नाहीत. मुलीच्या हातचं पाणी मागतात. प्यायल्या की ठरलं. हे मला कोणी शिकवू नये.
साहेब म्हणाले, अगो, पोरीचं आधी बघ, शब्दांच्या शेपट्या मागाहून. मुलगी पाहायला पाच मिनिटं पुरतात. शास्त्राला वेळ लागतो.

१० जून
खाला म्हणाल्या, तो 'की' डचांचा गो, शाळेत शिकलंय आम्ही. शाळेने बाईंचं नुकसान केलं आहे. डचांनी तो कोणाकडून उचलला, हे शाळेत सांगतात का?
असमा नटूनथटून मध्येमध्ये येत होती. आत पिटाळली.

१२ जून
यश! खाला म्हणाल्या, असमाच्या हातचं पाणी दे गो, बीकी. बीकी म्हणजे थोडंसं! आयता पुरावा! ताबडतोब टिपून घेतला. असमा आत माझ्या शब्दांची यादी उतरवत होती, तिला कशाला उठवा; पाणी मीच आणलं. खालांनी पेल्याला हात लावला नाही. तहान नसावी. साहेबांनी कपाळ धरलं. उकाडाच तसा आहे.

१३ जून
साहेबांनी आवाज चढवून पाण्याची आठवण करून दिली. मला माहीत होतंच. उद्या असमाला पेला घेऊन पाठवायचं. नक्की. त्याआधी फक्त बीकीचा उच्चार.

१४ जून
खालांकडून बीकी पुन्हापुन्हा म्हणवून घेतलं. शेवटी उठल्या. म्हणाल्या, शेजारी सफियाकडे जाऊन येते, तिथे गप्प बसायला मिळतं. सफियाला आफ्रिकान्सचं काय कळतंय? तिची लेक अमिरुन्निसा तर चुलीपुढून हलत नाही.
परत आल्या त्या हसतमुख. विश्रांती मानवली.
असमा माझ्याशी बोलत नाही. साहेबांशी बोलते, तेही इंग्लिशमध्ये.

१६ जून
खाला मुंबईच्या बोटीने गेल्या. जाताना दिलं ते असं:
सफियाच्या अमिरुन्निसाला: अंगठी आणि लाल ओढणी.
साहेबांना: मक्केच्या झमझम पाण्याची बाटली.
असमाला: डोक्यावरून हात.
मला: खजूर. बीकी.