सहीशेजारची वीतभर जागा

मी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. दडपणाला मी जन्मात दाद दिलेली नाही, हे सगळी गल्ली जाणते.

१. दुकान आणि दोन्ही मशिने, वीस वर्षे माझी काजेबटणे करणाऱ्या बाईला. तिला सगळे 'बटण'च म्हणतात. पायाचे मशीन विकायचे नाही. आमची वीज दोनदा तोडली, तेव्हा तेच चालले.

२. मोठी कात्री शेजारच्या चष्मेवाल्याला. कागद कापून धार घालवेल म्हणून कधी दिली नाही. आता घालव, बाबा.

३. ट्रंकेतले कापड कुणा एकाचे नाही, सांभाळेल बटण. मतदान बंद होऊन नऊ वर्षे झाली. ते परत द्या, एवढेच आमचे मागणे. कागदी अर्ज जप्त व्हायचे, म्हणून लोक कापडावर पेन्सिलीने सही करतात आणि मी त्यावरून टाके घालते. दर रविवारी चार वाजता ते धरून बंद शाळेच्या फाटकाशी तासभर उभे राहायचे. आम्हाला पक्ष नाही, अध्यक्ष नाही. चहा कोणी करायचा एवढ्यावरच काय ते मतदान होते, तेही भांडून.

झडती आली की हे तुकडे मी अस्तरांच्या गठ्ठ्यात सरकवते. एकदा घाईत त्यातला एक खरोखरच झडतीला माणसे धाडणाऱ्या साहेबांच्या कचेरीतल्या पडद्याला अस्तर म्हणून लागला. दोनशे सह्यांना पाठ टेकून साहेबांनी तीन महिने डुलक्या काढल्या! तिथे कारकून असलेल्या माझ्या धाकट्या भावाने "पडदा मळलाय" म्हणत तो काखोटीला मारून परत आणला.

४. वरच्या दोन खोल्या या भावाला. त्याने स्वतः मात्र कधी सही केली नाही. आधी "ताई, नोकरी आहे," मग "ताई, पेन्शन आहे." मी त्याला तोंडावर भित्रा म्हटले, आणि दोन वर्षे आमचे बोलणे बंद होते. माझ्या सहीशेजारी त्याच्यासाठी वीतभर जागा अजून मोकळी आहे.

५. कलम चार रद्द. काल वकीलबाईंनी मसुदा वाचला आणि दुसरा साक्षीदार मागितला. ज्याला काही मिळणार आहे, त्याने साक्षीदार होऊ नये म्हणाल्या. भाऊ कोपऱ्यात बसला होता.

"मग माझ्या खोल्या काढा. सही मी करतो."

"अरे वेड्या, घर घालवतोस?"

"नऊ वर्षं सही मागतेयस ना, ताई?"

"ती कापडावर!"

"कळतंय गं. आधी हात तर बसू दे."

मला रडू आले, मी लपवले नाही. खोल्या आता रविवारच्या लोकांना. भावाला तिथे राहू द्यायचे का, ते त्यांनी मतदानाने ठरवावे. चहा बरा करतो, एवढे सांगून ठेवते.

लिहून देणार: शिंपीणबाई (सही)
साक्षीदार: औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई (सही)
साक्षीदार: धाकटा भाऊ (सही)
स्थळ: दुकान, कापायचे टेबल
दिनांक: महिन्याचा पहिला रविवार, दुपारी तीन

ता. क. सही झाल्यावर त्याने पेन्सिल मागितली आणि म्हणाला, "ट्रंक उघड." वीतभर जागा पुरली नाही, शेवटची दोन अक्षरे माझ्या सहीवर चढली. टाके घालायला आठवडा लागेल. तोवर मी काही मरत नाही.